पिमलिमॉनला जाण्याआधी

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

पिमलिमॉनवर जायचा तुझा बेत कळला. फोटो पाहून "काका, तिथे नुसतं गवतच दिसतंय" असं तू लिहिलंस. खरं आहे. ७५२ मीटरचा हा मध्य वेल्समधला सर्वांत उंच डोंगर, पण दक्षिणेकडून चढताना ना कडा लागतो, ना कातळ. सह्याद्रीत वाढलेल्या डोळ्यांना तो डोंगर वाटतच नाही. मलाही वाटला नव्हता. म्हणून पहिल्या खेपेला भराभर माथा गाठला आणि भराभर उतरलो. त्याची रुखरुख अजून आहे.

तू तसं करू नकोस. गवतात पाय टाकला की आधी पाणी भेटेल. खालचा पीटचा, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर आणि त्यावरचं शेवाळ पाऊस धरून ठेवतं आणि हळूहळू सोडतं. या एका डोंगरातून तीन नद्या निघतात. ऱ्हायडॉल पश्चिमेला वाहत तुझ्या ॲबरिस्टविथलाच समुद्राला मिळते. सेव्हर्न आणि वाय एकमेकींपासून थोड्याच अंतरावर उगम पावतात, निरनिराळ्या मुलखांतून हिंडतात आणि थेट चेप्स्टोजवळ खाडीपाशी पुन्हा भेटतात. आपल्या कृष्णा-वेण्णा महाबळेश्वरला निघून माहुलीला भेटतात ना, तशाच. सेव्हर्न ही ब्रिटनमधली सर्वांत लांब नदी, पण तिच्या उगमाशी गोमुख नाही, देऊळ नाही. गवतात एक लाकडी खांब आणि काळपट पाण्याचं डबकं, एवढंच. तिथे अर्धा तास तरी बस. चंडोल गात असेल तर आणखी थोडा वेळ.

कागदी नकाशा घेच, आणि त्यावरचे चार वेल्श शब्द आधी शिकून घे. 'नांत' म्हणजे ओढा, 'बुल्ख' म्हणजे खिंड, 'कार्न' म्हणजे दगडांची रास. 'कॉर्स' म्हणजे दलदल. तो शब्द दिसला की वळसा घालायचा, गवत कितीही हिरवंगार दिसो. धुकं उतरलं की चारी दिशा सारख्याच दिसतात. होकायंत्र वापरायचा सराव घरीच कर. माथ्याच्या धारेवर तारेचं कुंपण आहे, धुक्यात त्याचा मोठा आधार होतो.

माथ्यावरच्या दगडांच्या राशी कांस्ययुगातल्या आहेत. वाऱ्यापासून आडोसा म्हणून लोकांनी त्यांतले दगड हलवून खळगे केलेत. आडोशाला खुशाल बस, पण एकही दगड उचलू नकोस, वर ठेवूही नकोस. तिथून उत्तरेला हिड्गेनचं खोरं आहे. १४०१ साली इंग्रजी राजवटीविरुद्ध उठलेल्या वेल्श सरदार ओवेन ग्लिंडूरच्या थोड्या माणसांनी तिथे मोठ्या फौजेला हरवलं. आज तिथे मेंढ्या चरतात. त्यांच्या वाड्यांची फाटकं जशी सापडतील तशीच ठेव, उघडी तर उघडी, बंद तर बंद.

मोज्यांचा जादा जोड घे. आणि परतल्यावर मला माथ्याचा नको, त्या लाकडी खांबाचा फोटो पाठव.

तुझा,
काका