आजींच्या ओसरीवर परत कसे जावे?

प्रिय ताई,

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातली; हल्ली नागपूरला परिचारिका आहे, वय ३८. लहानपणी आई-बाबा कापूस वेचायला गेले की दिवस मावळेपर्यंत मी आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, बायबल बाईंच्या ओसरीवर असे; घरोघरी जाऊन बायकांना बायबल सांगणाऱ्या त्या सेविका. सारे गाव त्यांना आजी म्हणते. बायबलचे वचन म्हणताना चुकले की त्या म्हणत, "पोरी, वचन पाठ नाही तं भाकर कशी उतरते तुह्या घशाखाली?" आणि हसून भाकर पुढे सरकवत. माझा विश्वास तिथेच रुजला. १४ वर्षांपूर्वी मी मंडळीबाहेरच्या मुलाशी लग्न ठरवले, तेव्हा प्रार्थना सभेत सर्वांदेखत त्या म्हणाल्या, "या पोरीवर घातलेलं पानी सारं रेतीत गेलं." त्यानंतर मी त्यांच्या घराची पायरी चढले नाही. आता त्या ८४ वर्षांच्या आहेत आणि त्यांना डोळ्यांनी नीट दिसत नाही. येत्या नाताळात मंडळी त्यांचा सत्कार करणार आहे आणि मला चार शब्द बोलायला बोलावले आहे. मी हल्ली ज्या मंडळीत जाते तिथले पाळक म्हणतात की आभार देवाचे मानावेत, माणसांचे गोडवे गाणे ही व्यक्तिपूजा आहे. मी जावे का, आणि गेले तर काय बोलावे?

— एक भगिनी

प्रिय भगिनी,

तुमच्या पाळकसाहेबांच्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण तो लवकर मिटण्यासारखा आहे. प्रत्येक उपकाराचा उगम देवाकडे आहे हे खरेच. परंतु बायबलमध्ये प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा सोळावा अध्याय एकदा शांतपणे वाचावा. प्रिस्क आणि अक्विला या दांपत्याने आपल्यासाठी स्वतःचा जीव धोक्यात घातला आणि त्यांचे आभार आपण एकटेच नव्हे, तर परराष्ट्रीयांच्या सर्व मंडळ्या मानतात, असे तो तिथे स्पष्ट लिहितो; थोडे पुढे तर रूफाच्या आईला तो आपलीही आई म्हणतो. नावांची ती लांबलचक यादी आपण बहुतेक जण वाचताना ओलांडून जातो, मीही पुष्कळ वर्षे ओलांडत आले. पौलाला माणसांचे आभार मानताना संकोच वाटला नाही, तेव्हा तुम्हीही तो बाळगण्याचे कारण नाही. येशूने बरे केलेल्या ज्या दहा कुष्ठरोग्यांपैकी एकच आभार मानायला परतला, त्यांची गोष्ट मी मुद्दामच सांगत नाही. ती आजींनी तुमच्याकडून केव्हाच पाठ करून घेतली असेल.

खरी गाठ त्या रेतीच्या वाक्यात आहे. आजी त्या दिवशी चुकल्या, हे मी आधीच सांगून टाकते, कारण वडीलधाऱ्यांच्या चुकीवर पांघरूण घालण्याची आपल्या मंडळ्यांमधली सवय मला मान्य नाही. जी मुलगी त्यांच्या ओसरीवर वाढली, तिला एकटीला जवळ बसवून त्यांना आपली भीती बोलून दाखवता आली असती. भरल्या सभेत केलेली कानउघाडणी फार खोल जाते आणि तुम्हाला ती १४ वर्षे बोचत राहिली यात नवल नाही. पण एखाद्याचे ऋण मान्य करण्यासाठी त्याचे प्रत्येक म्हणणे मान्य असावे लागते, असे तुम्ही गृहीत धरलेले दिसते. तसे असते तर पंडिता रमाबाईंना कोणाचेच ऋण मानता आले नसते. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि तिथल्या मठातल्या जोगीण सिस्टर जेराल्डीन यांच्या देखरेखीखाली त्यांच्या ख्रिस्ती जीवनाची सुरुवात झाली. पुढे त्रैक्याच्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या) सिद्धान्तापासून चर्चच्या अधिकारापर्यंत जवळजवळ प्रत्येक गोष्टीवर दोघींचे कडाक्याचे मतभेद झाले, आणि ते त्यांच्या पत्रव्यवहारात आजही वाचायला मिळतात. वाद घालणाऱ्या त्याच पत्रांत रमाबाई त्यांना 'आजीबाई' म्हणत राहिल्या. तुमच्या आजींशी तुमचा मतभेद आहे तो एकाच बाबतीत, आणि तुम्ही बोलणेच बंद केले.

आता त्यांनी काय केले, याचा हिशेब तुम्ही एकदा नीट मांडावा. पूर्वी यवतमाळचे नाव देशभरच्या मंडळ्यांना ठाऊक होते, कारण पाळकांना शिक्षण देणारी युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ पासून १९८३ साली पुण्याला जाईपर्यंत तिथेच होती. तिथे शिकलेल्या पाळकांची नावे कोणत्या ना कोणत्या नोंदवहीत सापडतील. बायबल बायांच्या बाबतीत तसे घडलेले नाही. ज्या घरांच्या ओसरीपलीकडे पुरुष प्रचारकाला जाता येत नसे, तिथे चुलीजवळ बसून बायकांना शुभवर्तमान सांगायचे, कोणाला अक्षर ओळख करून द्यायची, बाळंतिणीसाठी प्रार्थना करायची आणि विदर्भाच्या उन्हात पायीच पुढच्या वस्तीला जायचे, असे ते काम. मानधन थोडे, आणि अहवालात उल्लेख झालाच तर एका आकड्यापुरता. तुमच्या आजींच्या कामाची नोंद म्हणजे तुम्ही, आणि तुमच्यासारखी आणखी दहा-वीस माणसे. रात्रपाळीत एखादा रुग्ण घाबरला असता मुद्दाम न आठवताही तुमच्या तोंडी येणारे वचन कोणाच्या आवाजात येते, हे तुम्हीच स्वतःला विचारा.

माझी एक फजिती सांगते. ज्या निवृत्त गुरुजींमुळे मी उपासनेत मनापासून बसायला शिकले, त्यांना मी पन्नाशी उलटल्यावर एक लांबलचक आभारपत्र पाठवले. सहा पाने, सुवाच्य अक्षर, दोन कवितांच्या ओळी. पुढे भेटल्यावर कळले की मोतीबिंदूमुळे त्यांना ते वाचता आले नव्हते आणि शेजारच्या चौथीतल्या मुलाने अडखळत, जोडाक्षरे गाळत, मधली दोन पाने कंटाळून सोडून देत ते वाचून दाखवले होते. "तू लई शिकली, एवढं समजलं," असे म्हणून ते हसले. त्या दिवसापासून अशा कामासाठी पत्र लिहावे, असा सल्ला मी कोणाला देत नाही.

म्हणून माझा सल्ला असा आहे की तुम्ही सत्काराला अवश्य जा, परंतु आजींशी तुमची पहिली भेट त्या मांडवात होऊ देऊ नका. सत्कार म्हणजे काय असते ते आपण जाणतोच: सत्कारमूर्ती दोन तास प्लास्टिकच्या खुर्चीत अवघडून बसलेल्या, पाहुण्यांची भाषणे संपत नाहीत आणि शाल पांघरून फोटो निघाला की म्हातारीला घरी कोण पोहोचवणार याचा कोणी विचार केलेला नसतो. त्याच्या महिनाभर आधी, एखाद्या आठवडी सुट्टीला सकाळच्या एसटीने एकट्याच जा. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी कैदेत पडलेला पौल आपल्या या लाडक्या शिष्याकडे काय मागतो, ते आठवा: त्रोवसात कर्पाकडे राहिलेला झगा घेऊन ये, पुस्तके आण, आणि हिवाळ्यापूर्वी येण्याचा प्रयत्न कर. ज्या पत्रात तो तीमथ्याची आजी लोईस हिच्या विश्वासाची आठवण काढतो, तेच हे पत्र. म्हाताऱ्या गुरूला थंडी वाजते, एकटेपणा वाटतो आणि वाचायला काहीतरी हवे असते, इतकी साधी ती मागणी आहे. आणि डिसेंबरात तुमच्या गावच्या शिवारात पहाटे काय गारठा पडतो हे मी तुम्हाला सांगायला नको.

तिथे गेल्यावर जुना विषय पहिल्या वाक्यात काढू नका. पण तो मनात दाबून गोडगोडही बोलू नका. आधी त्यांनी काय दिले ते नाव घेऊन सांगा: अमुक स्तोत्र तुम्ही शिकवले, वडील आजारी असताना तुम्ही रात्रभर बसला होता, असे जे घडले असेल ते. "तुमचे फार उपकार आहेत" या वाक्याने कोणाच्याच हाती काही लागत नाही. मग, त्या दिवशीच्या बोलण्याने मला फार लागले होते, हेही एका वाक्यात सांगा आणि थांबा. त्या क्षमा मागतील किंवा "मी असं कवा म्हटलं?" असे विचारतील, चौऱ्याऐंशीव्या वर्षी ते खरोखर आठवत नसण्याचीही शक्यता आहे. त्यांच्या क्षमायाचनेवर तुमचे आभार अवलंबून ठेवू नका. पतीला पहिल्याच भेटीत न्यावे की नाही हे तुमचे तुम्ही ठरवा. मी नेले नसते. सत्कारातले भाषण या भेटीनंतर लिहा, पाच मिनिटांत संपवा आणि त्यात रेतीचा उल्लेख नको.

आणखी एक. तुम्ही परिचारिका आहात, तेव्हा त्यांचे डोळे कोणाला दाखवले आहेत का, याची चौकशी तुमच्याइतकी नीट दुसरे कोणी करू शकणार नाही. मोतीबिंदू असल्यास शस्त्रक्रियेची तारीख घेणे, नागपूरला नेणे-आणणे आणि नंतर वेळेवर थेंब घालणे, हे सारे तुमच्या आवाक्यातले आहे. तोवर त्यांचेच जुने पवित्र शास्त्र उघडून त्यांच्या ओसरीवर बसा आणि एखादा अध्याय मोठ्याने वाचा. तुमचा एखादा शब्द चुकेल आणि त्या वाचन थांबवून तो दुरुस्त करतील. मग तो पुन्हा, त्या सांगतील तसा म्हणा.