वाळवंटातली घोडी आणि चैत्राचे ऊन

प्रश्न : दिवाळीनंतर राजस्थानातून पाच वर्षांची मारवाडी घोडी आणली. थंडीभर ती तबेल्यातच होती. पाडव्यापासून रपेट सुरू केली आहे. ‘वाळवंटातली जात आहे, उन्हाची काळजी नको, मात्र रपेटीनंतर तासभर पाणी दाखवू नका,’ असे विकणाऱ्याने बजावले होते. ते पाळावे का?
— एक वाचक, अथणी तालुका

उत्तर : दोन्ही सल्ले बाजूला ठेवावेत. मारवाडी घोडा काटक खरा, परंतु वाळवंटात जन्मला म्हणून त्याचे घामावाचून भागत नाही. जैसलमेर-बाडमेरच्या कोरड्या हवेत घाम चटकन उडून जातो आणि अंग थंडावते. आपल्याकडे वळिवाच्या आधी हवा दमटली की तोच घाम नुसता निथळतो आणि उष्णता आतच राहते. म्हणून पारा तिकडच्यापेक्षा खाली असूनही घोडी इथे अधिक थकू शकते. शिवाय बसून राहिलेल्या जनावराला उन्हात कामाची सवय व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. तोवर रपेट पहाटेची आणि थोडकीच असावी.

रपेटीनंतर पाणी पाजले की पोटशूळ उठतो, ही समजूत फार चिवट आहे. अरबस्तानच्या वाळवंटात होणाऱ्या लांब पल्ल्याच्या शर्यतींत घोड्यांना वाटेतच पाणी पाजतात आणि अंगावर गार पाणी ओततात. आपणही उतरल्याबरोबर पाणी पुढे ठेवावे, हवे तेवढे पिऊ द्यावे. एरवी दिवसाला २५ ते ४० लिटर पिणारी घोडी उन्हाळ्यात त्याच्या दुप्पटही पिते. घोड्याच्या घामातून मीठ फार जाते, त्यामुळे चंदीत रोज सुमारे ३० ग्रॅम साधे मीठ मिसळावे. खडे मीठ चाटायला ठेवले तरी हे सोडू नये.

आपण तबेल्यात नदीची वाळू पसरली असेल, तर कडबा व चंदी जमिनीवर टाकू नये, गव्हाणीतच द्यावी. वाळू पोटात साठून कळा येतात. शंका आल्यास लीद बादलीभर पाण्यात कालवून तळाशी वाळू बसते का ते पाहावे.

विश्रांतीच्या वेळी घोडीचे तापमान साधारण ३७.५ ते ३८.५ अंश असते. रपेटीनंतर ते ४० अंशांवर गेले, श्वास धाप लागल्यासारखा राहिला किंवा घाम अचानक थांबला, तर सावलीत नेऊन अंगभर पाणी ओतत राहावे आणि पशुवैद्यांना तातडीने बोलवावे.