तारखा पाठ, पण कळलं का?

प्रश्न: आठवीला नागरी हक्कांच्या चळवळी शिकवतेय. मुलं सनावळ्या घडाघडा म्हणतात. खरंच समजलंय का, हे परीक्षेआधी कसं ओळखू? – एक शिक्षिका, सोलापूर

उत्तर: ताई, अर्धं पान आणि पाच मिनिटं पुरतात. अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहरात काळ्या लोकांनी वर्णभेदाविरुद्ध बसवर टाकलेला बहिष्कार शिकवून झाला की मी फळ्यावर लिहायचे: ३८१ दिवस लोक कामावर कसे गेले असतील? विड्या वळणाऱ्या आईच्या एका मुलीनं लिहिलं, 'पायी. उशीर झाला तर मजुरी कापली असेल, तरी गेले.' तिला १९५५ आठवलं नाही, पण बहिष्काराची किंमत कळली होती. या कागदांना गुण मात्र देऊ नका. गुण आले की मुलं बाईंच्या मनातलं उत्तर शोधतात.

चुका जपून वाचा. बसमध्ये गोऱ्या प्रवाशाला जागा द्यायला नकार दिल्यानं ज्यांना अटक झाली आणि त्यातून हा बहिष्कार सुरू झाला, त्या रोझा पार्क्सबद्दल 'दमल्या होत्या म्हणून उठल्या नाहीत' असं बरेच लिहितात. त्या आधीपासूनच चळवळीच्या कार्यकर्त्या होत्या, हे दुसऱ्या दिवशी पुन्हा शिकवावं लागतं.

मग महाडचं चवदार तळं शेजारी ठेवा. नगरपालिकेच्या ठरावानं तळं अस्पृश्यांना खुलं झालं होतं, तरी १९२७ मध्ये सत्याग्रह का करावा लागला? इथं जो थांबून विचार करतो, त्याची वही मी आधी उघडायचे.