मनगटं का भरून येतात?

सोलापूरहून तुळजापूर जेमतेम 45 किलोमीटर, तेवढ्यातच मोटारसायकलवर तुझे हात भरून येतात म्हणालास. अरे, आधी मूठ सैल कर. नवीन माणूस हँडलला लोंबकळतो, सगळं वजन मनगटांवर टाकतो. गुडघ्यांनी टाकी धर, पोट-कंबर ताठ ठेव, कोपरं किंचित वाकलेली. कोपरं सहज वर-खाली हलली की समज, वजन हातावर नाही.

मग लिव्हर बघ. गाडीवर नेहमीसारखा बस आणि क्लचवर बोटं सरळ ठेव. कोपरापासून बोटांपर्यंत एक सरळ रेघ यायला हवी. लिव्हर फार वर असेल तर मनगट मागे मोडतं आणि दुखणं तिथूनच सुरू होतं. मेकॅनिककडे पाच मिनिटांचं काम आहे, पण हा कोन आपणच गाडीवर बसून ठरवायचा. क्लच जड लागत असेल तर केबलला तेल सोड. माझी केबल आतून सुकली होती, मी मात्र महिनाभर बाम चोळत बसलो! लिव्हरच्या टोकाला साधारण 10 ते 20 मिलिमीटर ढिलाई हवी.

सोलापुरात सात रस्ता चौकात सिग्नल लागला की न्यूट्रल कर. क्लच दाबून उभं राहायची सवय फार वाईट.

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होत असेल तर तळहाताच्या कडेची नस दबतेय. तासाभराने थांब, हात झटक, पाणी पी. गाडीवरून उतरल्यावरही मुंग्या राहिल्या तर मात्र अंगावर काढू नकोस, डॉक्टरांना दाखव.