पाच स्कूटरना जीपीएस लावू की नको?

ताई, तुमचा मेसेज दोनदा वाचला. न्याहारी निवासासोबत तारकर्लीत पर्यटकांना पाच स्कूटर भाड्याने देताय, गेल्या मे महिन्यात पोरांचा एक ग्रुप गाडी घेऊन गेला तो तीन दिवस फोनच उचलेना, शेवटी गाडी पणजीत सापडली, आणि आता दुकानदाराने एका ट्रॅकरचे 3,500 आणि दुसऱ्या वर्षापासून वर्षाला 1,200 रिचार्ज असं कोटेशन दिलंय, तर पाचही गाड्यांना लावू का.

पाचांना लावलात तर तीन वर्षांत 29,500 जातात. त्यातल्या तीन गाड्या तुम्हीच म्हणताय की आठ वर्षं जुन्या, विकायला काढल्या तर 20 हजार कोण देईल? त्यांना चाकाला लावायचं लॉक पुरे. दोन वर्षांपूर्वी घेतलेल्या ज्या दोन आहेत, ज्यांचा हप्ता चालू आहे, त्यांनाच लावा, 11,800 मध्ये काम होतं. गोव्याच्या हद्दीजवळच्या बांद्याच्या अलीकडे जिओफेन्स, म्हणजे ॲपमधल्या नकाशावरची हद्द, टाकून ठेवा, गाडी गोव्याकडे निघाली की मोबाईल वाजेल. इन्शुरन्सच्या प्रीमियममध्ये सूट मिळते म्हणून दुकानदार सांगेल, पण ती एआरएआय या वाहन तपासणी संस्थेची मान्यता असलेल्या उपकरणाला आणि तीही ओन डॅमेजच्या, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या भागावर अडीच टक्क्यांच्या आसपास, स्कूटरवर त्यात चहापाणीसुद्धा सुटत नाही.

ट्रॅकर 4जीचाच घ्या, जिओला 2जी नाहीच, 2जीच्या ट्रॅकरमध्ये त्याचं सिम चालणार नाही. आणि लांबून इंजिन बंद करायचं बटण देतो म्हणाला तर नको म्हणा, घाटात चालत्या गाडीचं इंजिन बंद पडलं तर काय होईल ते सांगायला नको. भाड्याच्या फॉर्मवर गाडीत ट्रॅकर आहे हे लिहून गिऱ्हाईकाची सही घ्या, निम्मी पोरं तिथेच सरळ होतात.

पण मला खरी धडकी भरली ती तुमच्या शेवटच्या ओळीने, "इन्शुरन्स पाच वर्षांचा आहे, त्याचं टेन्शन नाही." ताई, टेन्शन तिथेच आहे हो. 1 सप्टेंबर 2018 पासून नवीन टू-व्हीलरला पाच वर्षांचा थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा, एकदम काढावा लागतो, शोरूमवाला ओन डॅमेज मात्र बहुतेक वेळा एकाच वर्षाचा देतो, आणि चोरी धरली जाते ती ओन डॅमेजमध्ये. म्हणजे तुमच्या दोन्ही गाड्यांना कदाचित वर्षभरापासून चोरीचं कव्हरच नसेल. आणि ते असलं तरी पांढऱ्या पाटीची, खाजगी वापराची पॉलिसी असलेली गाडी भाड्यावर असताना गेली तर कंपनी क्लेम नाकारू शकते, अपघात झाला तर आणखी अवघड. भाड्याच्या गाडीला काळी पाटी, पिवळे आकडे आणि आरटीओचं रीतसर लायसन्स लागतं. तुमच्याकडे सगळेच असंच करतात हे मला माहीत आहे, मी काही साव म्हणून सांगत नाही, पण क्लेमच्या टेबलावर "सगळे करतात" चालत नाही.

म्हणून तीन ट्रॅकरचे वाचलेले 17,700 आधी इकडे लावा, ओरोसला आरटीओत जाऊन काय लागतं ते विचारा. दोन्ही गाड्यांच्या पॉलिसीचं पहिलं पान मला पाठवा, ओन डॅमेज कधी संपला ते बघून सांगतो. प्रत्येक गाडीच्या दोन्ही चाव्या जपून ठेवा, चोरीच्या क्लेमला दोन्ही मागतात, आणि एक तर त्या पणजीच्या भानगडीत हरवली नाही ना?