गोळ्या पुरवून पुरवून घेऊ नकोस

ताई,
माझं वय ३४. नाशिकला सिडकोत राहते, मेन रोडवर कपड्यांच्या दुकानात कामाला आहे. महिना १०,५०० मिळतात, खाडा झाला की ३५० कापतात. सोमवारी दुकान बंद असतं. मिस्टर छोटा हत्ती चालवतात, स्वभावाने चांगले आहेत, कशाला नाही म्हणत नाहीत. मुलगा चौथीत आहे.

चार महिन्यांपूर्वी झोप उडाली, छातीत धडधडायचं, कारण नसताना रडू यायचं. कॉलेज रोडच्या एका डॉक्टरांकडे गेले. त्यांनी सकाळी एस्सिटालोप्राम १० आणि पंधरा दिवस रात्री क्लोनाझेपाम ०.२५ लिहून दिली. फी ८००, महिन्याच्या गोळ्या ६४०. दोनदा गेले, मग परवडेना. आता तीच चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून गोळ्या आणते. दोन महिने झाले, सकाळची एक दिवसाआड घेते म्हणजे पाकीट दुप्पट चालतं. नणंदही म्हणते, कमीच बरी, सवय लागते. झोपेची मात्र रोज लागते.

तरी बरं वाटत नाही. उलट आता चक्कर येते, डोक्यात करंट लागल्यासारखं होतं. मागच्या महिन्यात तीन खाडे झाले, धडधडीसाठी ५०० रुपये देऊन ईसीजी काढला, तो नॉर्मल आला. फोनवर समुपदेशनाची जाहिरात आली आहे, चार सेशनचं पॅकेज ३,२०० ला. मुलाची फी भरायची आहे, त्यातून घेऊ का? की एखादं फुकटचं ॲप सांगाल? सिव्हिलला जायची लाज वाटते, कॉलनीतलं कोणी ना कोणी तिथे असतंच.
– सिडकोतली एक

*

तुझं पत्र पैशांबद्दल आहे. मी मात्र एका वाक्यावर अडकले: एक दिवसाआड घेते म्हणजे पाकीट दुप्पट चालतं. महिनाअखेरीला साखर पुरवावी तितक्या सहज तू ते लिहून पुढे गेलीस. अगं, तुझ्या निम्म्या तक्रारींचं मूळ तिथेच असण्याची दाट शक्यता आहे. ते आधी समजून घे, मग पैशांचं बघू.

एस्सिटालोप्राम, म्हणजे तुझी सकाळची, ही उदासी-चिंतेवरची गोळी आहे, दुखलं की घ्यायची नाही. रोज एक घेतली की साधारण आठवडाभरात तिचं रक्तातलं प्रमाण एका पातळीवर येतं. ती पातळी दिवसेंदिवस टिकली तरच मनावर परिणाम होतो. थोडा फरक दोन आठवड्यांत जाणवू शकतो, नीट गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात. शरीर ही गोळी साधारण ३० तासांत निम्मी बाहेर टाकतं. म्हणजे तू ४८ तासांनी पुढची गोळी तोंडात टाकतेस तेव्हा आधीची जेमतेम एक तृतीयांश उरलेली असते. पातळी चढते, घसरते, पुन्हा चढते. हे औषध एकदम तोडलं किंवा कमी केलं की काय होतं? चक्कर, मळमळ, चिडचिड, भलतीसलती स्वप्नं, रडू, आणि डोक्यात करंट गेल्यासारखा झटका. मानसोपचार तज्ज्ञांच्या हे रोजच्या ओळखीचं आहे. तू त्याला आजार समजलीस आणि ‘गोळीने गुण येत नाही’ म्हणून बसलीस. गोळी अजून तुझ्यावर नीट वापरूनच झालेली नाही. पक्कं निदान डॉक्टर करतील, पण त्यांना हे एक दिवसाआडचं प्रकरण कोणी सांगितलं तर!

दुसरं, काटकसर केलीस तीही उलट्या ठिकाणी. सवय लागण्याची भीती ज्या गोळीची धरायला हवी ती रात्रीची आहे. क्लोनाझेपाम सुरुवातीचे दिवस निभावून न्यायला देतात, म्हणूनच डॉक्टरांनी पंधरा दिवस लिहिली होती. तू ती महिनोन्‌महिने घेते आहेस आणि मेडिकलवाला जुन्या चिठ्ठीवर देतो आहे. त्याने द्यायला नको होती. पण हे वाचून आज रात्री ती फेकून देऊ नकोस. इतके दिवस रोज घेतलेली क्लोनाझेपाम एकदम बंद केली तर झोप पार जाते, हातपाय थरथरतात, क्वचित फिटही येते. ती हळूहळू, टप्प्याटप्प्याने, डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणेच कमी करायची.

नणंदेने मायेने सांगितलं असेल. औषधाच्या बाबतीत तिचं ऐकू नकोस. सकाळच्या गोळीची दारूसारखी तलफ येत नाही, डोस वाढवत न्यावासा वाटत नाही. बरं वाटायला लागल्यावरही ती साधारण सहा ते नऊ महिने चालू ठेवतात, कारण लवकर सोडली तर दुखणं उलटतं. आणि बंद करायची वेळ येते तेव्हाही डॉक्टर ती पायरीपायरीने उतरवतात.

आता हिशेब मांड. सकाळची गोळी अर्धी करून महिन्याला वाचले फार तर ३२० रुपये. एका महिन्यात ईसीजीचे ५०० आणि तीन खाड्यांचे १,०५० गेले. म्हणजे ३२० वाचवायला १,५५० घातलेस, वर चक्कर अंगावर काढलीस. मुलाला पाच दिवसांचं औषध दहा दिवस पुरवलं असतंस का? मग स्वतःला का पुरवतेस?

माझं एकच सांगणं आहे. येत्या सोमवारी सकाळी सिव्हिलला जा. दुकान बंद आहे, खाडा होणार नाही. त्र्यंबक रोडवरचं आपलं जिल्हा रुग्णालय. सीबीएसला, मध्यवर्ती बसस्थानकावर, उतरलीस की तिथून लांब नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपर, तपासणी, औषधं सगळं निःशुल्क आहे. शिवाय २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मानसिक आजारावरची अत्यावश्यक यादीतली औषधं सरकारी रुग्णालयात मोफत मिळणं हा तुझा हक्क ठरवला आहे. कोणाचे उपकार नाहीत ते.

सोमवारी गर्दी जास्त असते, म्हणून ओपीडी उघडायच्या आधी पोहोच. केसपेपरच्या खिडकीवर ‘मानसोपचार विभाग’ एवढंच सांग. नुसतं ‘झोप येत नाही, धडधडतं’ म्हणालीस तर मेडिसिनच्या रांगेत पाठवतील आणि सकाळ तिथेच संपेल. खोली नंबर आणि मानसोपचाराच्या ओपीडीचे वार तिथेच विचारून केसपेपरवर लिहून घे, पुढच्या खेपेला उपयोगी पडेल. सोबत आधार कार्ड, जुनी चिठ्ठी, ईसीजी आणि दोन्ही गोळ्यांची पाकिटं ने. रिकामी असली तरी ने, त्यावर मात्रा छापलेली असते.

सर्वांत महत्त्वाचा एक कागद. आदल्या रात्री लिहून ठेव: गोळी कधी सुरू केली, रोज किती दिवस घेतली, एक दिवसाआड कधीपासून, झोपेची रोज किती, करंट आणि चक्कर कधी सुरू झाली, कोणत्या दिवशी जास्त होते. सरकारी ओपीडीत डॉक्टरांकडे एका पेशंटला थोडीच मिनिटं असतात. आपण रडायला लागलो की ती मिनिटं तिथेच जातात, आणि रडू येणारच आहे. आले तर येऊ दे, कागद पुढे कर. थायरॉईड आणि हिमोग्लोबिन तपासायला हवं का तेही विचार. थायरॉईड बिघडलं तरी धडधड आणि झोपेची तक्रार होते, रक्त कमी असलं तरी धाप आणि थकवा येतो, आणि तुझ्या पत्रात या तपासण्यांचा उल्लेख नाही.

तिथे तुझ्याच गोळीचा साठा असेल असं नाही. त्याच गटातली दुसरी देतील, ती कशी बदलायची ते नीट विचारून घे आणि घरी आल्यावर जुनी-नवी एकत्र घेऊ नकोस. गोळ्या थोड्याच दिवसांच्या दिल्या तर पुढच्या कधी न्यायला यायचं ते विचार, आणि पाकिटात पाच-सहा उरल्या असतानाच पुन्हा जा. संपल्यावर जाऊ म्हणालं की नेमका तो सोमवार सुट्टीचा निघतो.

एखादी गोळी तिथे नसलीच आणि बाहेरून घ्यावी लागली, तर डॉक्टरांना कंपनीचं नाव न लिहिता औषधाचं मूळ नाव लिहायला सांग. असं मागणं उद्धटपणा नाही, डॉक्टरांच्या नियमावलीतच मूळ नाव लिहावं असं म्हटलं आहे. ती चिठ्ठी घेऊन जनऔषधी केंद्रात जा. ‘जनऔषधी सुगम’ ॲपवर जवळचं केंद्र आणि गोळीची किंमत दोन्ही दिसतात. एस्सिटालोप्राम तिथे मिळते आणि ब्रँडच्या मानाने फारच स्वस्त पडते. नेहमीच्या मेडिकलमध्ये नुसतं ‘स्वस्तातली द्या’ म्हणू नकोस. मात्रा बदलून आली तर तुझ्या लक्षातही येणार नाही. आणि आयुष्मान किंवा महात्मा फुले योजनेच्या कार्डावर भिस्त ठेवू नकोस. ते ॲडमिट झाल्यावर कामाला येतं, ओपीडीच्या गोळ्यांना नाही.

लाजेचं म्हणशील, तर केसपेपरची खिडकी सगळ्यांना एकच. तिथे उभी असलेली बाई दाताला आली की मनाला, हे कपाळावर लिहिलेलं नसतं. कॉलनीतलं कोणी भेटलंच तर ‘तपासायला आले’ एवढं पुरे. ती व्यक्तीही स्वतःचंच काहीतरी घेऊन आलेली असते. तुझ्या आजाराची माहिती गुप्त ठेवणं रुग्णालयावर कायद्याने बंधनकारक आहे. लाजेपायी फुकटची जागा सोडून तू चिठ्ठीच्या झेरॉक्सवर स्वतःच डॉक्टर झालीस, याची मला जास्त काळजी वाटते.

सोमवारपर्यंत थांबायचं नाही. आज संध्याकाळी १४४१६ ला फोन लाव. ही सरकारची टेली मानस सेवा, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. तो नंबर लागला नाही तर १८०० ८९१ ४४१६. आधी भाषा निवडायला सांगतात. फोनवर प्रशिक्षित समुपदेशक येतात, गरज वाटली तर मानसोपचार तज्ज्ञांशी जोडून देतात. पहिलंच वाक्य हे बोल: ‘मी एस्सिटालोप्राम १० दोन महिने एक दिवसाआड घेतली, क्लोनाझेपाम रोज घेते आहे, सोमवारपर्यंत काय करू?’ तू ॲप विचारलंस, त्यापेक्षा हे कितीतरी बरं. ॲप तुला श्वास मोजायला सांगेल, पण एक दिवसाआडच्या गोळीबद्दल उलट विचारणार नाही.

आणि कधीही जगणं नको वाटलं, स्वतःला काही करून घ्यावंसं वाटलं, तर ओपीडीची वेळ बघत बसायचं नाही. मिस्टरांना उठवायचं आणि सिव्हिलच्या अपघात विभागात जायचं, रात्री दोन वाजता असलं तरी. गाडी नसेल तर १०८.

मिस्टर चांगले आहेत, हे तू कौतुकाने लिहिलंस. मला ते पुरेसं वाटत नाही. कशाला नाही न म्हणणं हे काम नव्हे. दोन महिने बायको औषध अर्धं करून घेते आहे आणि घरात कोणी थांबवलं नाही. त्यांना हे पत्र दाखव. सोमवारी मुलाला शाळेत सोडणं त्यांच्याकडे, आणि रोज सकाळी पाकिटातली गोळी कमी झाली का ते बघणंही त्यांच्याकडे.

पॅकेजचं शेवटी लिहिते, कारण ते शेवटचंच आहे. बोलून मन मोकळं करण्याचा, विचारांना वळण लावणाऱ्या थेरपीचा नक्की उपयोग होतो, औषधाच्या जोडीला तर जास्तच. पण करंट लागणाऱ्या डोक्याने चार सेशन केलीस तर निम्मा वेळ चक्करबद्दल बोलण्यात जाईल. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकात मानसोपचार तज्ज्ञांबरोबर मानसशास्त्रज्ञ आणि सामाजिक कार्यकर्त्याचीही तरतूद असते, त्यामुळे सोमवारी डॉक्टरांना स्वतःहून विचार: ‘मला समुपदेशनासाठी कोणाकडे बसता येईल?’ न विचारता फार कमी वेळा मिळतं. आणि जाहिरातीतल्यांना एक मेसेज टाकून बघ: सेशन घेणाऱ्यांचा आरसीआय नोंदणी क्रमांक काय? आरसीआय म्हणजे भारतीय पुनर्वास परिषद, क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे तिचा क्रमांक असतो. उत्तर काहीही आलं तरी ३,२०० आत्ता द्यायचे नाहीत. सहा आठवडे रोज गोळी पोटात जाऊ दे, मग मला पुन्हा लिही. मुलाच्या फीचे पैसे फीलाच भर.