कोकण किनाऱ्यावर फोटो काढायला मोठा प्रोफेशनल कॅमेरा घ्यावा की लहान, सहज नेता येणारा?

तुमचा प्रश्न मी असा समजलो: तुम्ही देवगडला शिक्षक आहात. जुना डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) आहे, सोबत १८-५५ आणि ७०-३०० मिमी अशा दोन लेन्स. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं), बंदर, जत्रेतला दशावतार (रात्रीचं लोकनाट्य), कातळशिल्पं आणि जमलं तर पक्षी, एवढं सगळं टिपायचंय. दुकानदार म्हणतो फुल-फ्रेम घ्या, म्हणजे ज्याचा सेन्सर (उजेड टिपणारा भाग) मोठा असतो तो. मित्र म्हणतो लहान मिररलेस, म्हणजे बिनआरशाचा घे. आणि लहान कॅमेरा म्हणजे खेळणं निघेल, ही धास्ती मनात आहेच.

मी कुडाळकडचा. लग्नाच्या फोटोंवर घर चालतं, त्यामुळे मोठी धुडं रोज गळ्यात असतात. तरी तुम्हाला सांगेन, लहान घ्या. एक अट मात्र आहे. आधी लेन्स ठरवा, बॉडी (नुसता कॅमेरा) मागाहून.

वजन खरं तर लेन्समध्ये असतं. सोनीचा ए७सी २०२० साली आला. फुल-फ्रेम सेन्सर आणि बॅटरी-कार्डासकट वजन ५०९ ग्रॅम. ऐकून माणूस हरखतो. मग त्यावर सोनीचीच पहिली ७०-२०० एफ २.८ लेन्स (एफचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त) लावली की १,४८० ग्रॅम वर चढतात आणि झाले दोन किलो. सेन्सर मोठा असेल तर त्यावर प्रतिमा पाडणारी काचही मोठी लागते, त्यात कंपनीची हुशारी फारशी चालत नाही. आता दुसरी जोडी बघा. ओएम सिस्टिमचा ओएम-५ हा मायक्रो फोर थर्ड्स या लहान सेन्सरचा कॅमेरा ४१४ ग्रॅम, त्यावरची १२-४५ एफ ४ लेन्स २५४ ग्रॅम. दोन्ही मिळून पाऊण किलोसुद्धा नाही. माझा लग्नातला निकॉन डी८५० नुसता एक किलोचा, त्याची २४-७० आणखी एक किलोच्या वर. सकाळी सातला मांडवात शिरून रात्री वरात संपेपर्यंत तो मानेवर असतो. त्याचे पैसे मिळतात म्हणून मी तो वागवतो. तुम्ही सुट्टीच्या दिवशी तो घेऊन कुणकेश्वरपर्यंत चालत जाल का, हे मनाशी खरं खरं विचारा.

फुल-फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा. एपीएस-सी, म्हणजे बहुधा तुमच्या जुन्या कॅमेऱ्यात आहे तोच, साधारण २३.५ बाय १५.६. मायक्रो फोर थर्ड्स १७.३ बाय १३. क्षेत्रफळ काढलं तर फुल-फ्रेम हा एपीएस-सीच्या सव्वादोन पटीहून थोडा जास्त आणि मायक्रो फोर थर्ड्सच्या जवळजवळ चौपट भरतो. चौपट म्हणजे दोन स्टॉप, कारण दर स्टॉपला उजेड दुप्पट होतो. फुल-फ्रेमवर आयएसओ (उजेडाला प्रतिसाद द्यायची पातळी) ६४०० ला जेवढे दाणे (फोटोतली खरखर) दिसतात, साधारण तेवढे मायक्रो फोर थर्ड्सवर १६०० लाच दिसू लागतात. हा फरक खरा आहे, तो कुणी नाकारत नाही.

पण तो दिसतो कुठे? सकाळी आठला किनाऱ्यावर रापण ओढतायत तिथे आयएसओ २०० वर काम भागतं. त्या उजेडात काढलेले दोन्ही कॅमेऱ्यांचे फोटो शेजारी ठेवले तर मलाही ओळखू येणार नाहीत. आणि छापायचं म्हणाल तर २४ मेगापिक्सेल म्हणजे ६,००० बाय ४,००० ठिपके. इंचाला ३०० ठिपके धरले तरी २० बाय १३ इंचाची प्रिंट कुरकुर न करता निघते. शाळेच्या व्हरांड्यातल्या प्रदर्शनाला याहून मोठं काय लागणार?

रापणीजवळ लहान कॅमेऱ्याचा दुसरा फायदा होतो. माझ्या हातात डी८५० असला की दोर ओढणारा हात थबकतो आणि प्रश्न येतो, ‘फोटो खयच्या पेपरात येतलो?’ कुणी टोपी सरळ करतो, कुणी पाठ फिरवतो. लहान कॅमेरा असला की फार तर एकदा बघतात आणि पुन्हा दोराला लागतात. जाळं किनाऱ्याला टेकतं तेव्हा सगळे वाकलेले असतात, पाणी गुडघ्यापर्यंत, बांगडा फडफडत असतो आणि टोपल्या घेऊन बायका पुढे सरकतात. तो सगळा मामला फार थोडा वेळ चालतो. त्या वेळात लेन्स बदलायला वेळ नसतो, आणि वाळू उडत असताना ती बदलूही नये. म्हणून किनाऱ्यावर एकच लेन्स लावून जायचं, मग कॅमेरा कुठलाही असो.

दशावताराची गोष्ट वेगळी. तिथे तुमच्या दुकानदाराचं म्हणणं थोडंफार पटतं. मध्यरात्र उलटलेली, देवळासमोरच्या मंडपात चार एलईडीचे झोत, आणि शंकासुराचं सोंग असं उसळतं की शटर १/१२५ सेकंदापेक्षा हळू ठेवलं तर चेहरा पुसटच. पण यावर उपाय म्हणून फुल-फ्रेमच घ्यायला पाहिजे असं नाही. ४५ मिमी एफ १.८ ही मायक्रो फोर थर्ड्सची लेन्स फक्त ११६ ग्रॅमची आहे, फुल-फ्रेमवर ९० मिमी जेवढं दाखवेल तेवढंच ती दाखवते. एफ ४ च्या झूमपेक्षा ती जवळजवळ पाचपट उजेड आत घेते. सेन्सरचा आकार जमेस धरला तर ती फुल-फ्रेमवरच्या एफ ३.६ च्या बरोबरीची. म्हणजे बजेट ताणून फुल-फ्रेम बॉडी घेतली आणि हातात पैसे उरले नाहीत म्हणून एफ ४ ची झूम लावली, तर ही चिमूटभर लेन्स त्या जोडीच्या मागे पडत नाही. फुल-फ्रेमचा खरा फायदा एफ २.८ किंवा त्याहून उघड्या लेन्स घेतल्यावर मिळतो, आणि वजन नि किंमत वाढते तीही तिथेच. दुकानात हे कुणी सांगत नाही.

नाटकाआधी रंगपटात जाऊन बसायचं असेल तर लहान कॅमेऱ्याला पर्याय नाही. पेटाऱ्यावर आरसा टेकवून नट स्वतःच रंगरंगोटी करत असतो, जागा दोन माणसांची, आणि तिथे ७०-२०० उगारणं म्हणजे निव्वळ आगाऊपणा. मात्र एक जपा. मिररलेसमध्ये आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर असतं, ते अशा ठिकाणी वापरायचा मोह होतो. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. डोळ्याला कळत नाही, पण इलेक्ट्रॉनिक शटर फ्रेम ओळीओळीने वाचतं आणि फोटोवर आडवे काळे पट्टे येतात. रंगपटात शटर १/५० किंवा १/१०० ठेवा म्हणजे पट्टे बहुतेक जातात. मंचासमोर सरळ मेकॅनिकल शटर वापरा, झांज-पखवाजाच्या गजरात ते कुणाला ऐकू येतंय!

कातळशिल्पांसाठी तर मी मोठा कॅमेरा घरीच ठेवतो. २०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत कोकणातल्या ज्या जागा गेल्या त्यात आपल्या मालवण तालुक्यातलं कुडोपी आहे. सड्यावर (उघड्या कातळाच्या माळावर) उभं राहून खाली बघितलं की आकृती तिरपी, चेपलेली दिसते, पाय मोठे आणि डोकं लहान. सरळ वरून फोटो हवा असेल तर कॅमेरा उंच न्यायला लागतो. रंगारी वापरतात तसला लांबणारा दांडा घ्यायचा, टोकाला हलका कॅमेरा खाली तोंड करून बसवायचा, दांडा उभा धरायचा आणि फोनवरून शटर दाबायचं. चार मीटर उंचीवरून २४ मिमीच्या कोनात ६ बाय ४ मीटरचा कातळ मावतो, बहुतेक आकृत्यांना तेवढा पुरतो. पाऊण किलो दांड्यावर पेलवतं. दोन किलो तिथे चढवून वाऱ्यात धरून बघा, आकृतीपेक्षा जीवाचीच काळजी लागेल. राजापूरकडे काशेळीचा हत्ती मात्र सुमारे १८ बाय १३ मीटरचा आहे, तिथे ड्रोनशिवाय गत नाही. वेळ सकाळची किंवा सूर्य कलल्यावरची. दुपारी उथळ खोदकामाला सावलीच नसते, मग लाखाचा सेन्सर असला तरी सपाट जांभा दिसणार.

आता आपल्या हवेबद्दल, कारण पुण्या-मुंबईचे सल्लागार नेमकं हेच विसरतात. समुद्राकाठी कॅमेरा सेन्सर कमी पडून मरत नाही, मीठ आणि बुरशीनं मरतो. खारा वारा फ्लॅशच्या खाचेत आणि लेन्सच्या धातूच्या टोकांवर बसतो. घरी आल्यावर गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्यानं बॉडी पुसायची, मग कोरड्यानं. पावसाळ्यात कपाटात ठेवलेल्या लेन्सच्या आत पांढरी जाळी धरते ती बुरशी, आणि ती काचेचा मुलामा खाते. चामडी केस सगळ्यात वाईट, ओल धरून ठेवते. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक, काटा ४० ते ५० टक्क्यांवर. निळे दाणे गुलाबी झाले की जुन्या तव्यावर मंद परतून घ्या. तवा स्वयंपाकाचा नको, त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं. तांदळात ठेवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकून सोडून द्या, पीठ आत जाईल एवढंच.

म्हणून खरेदी करताना मेगापिक्सेलच्या आधी ‘वेदर सील आहे का’ विचारा, आणि बॉडीबरोबर लेन्सचंही विचारा. एकाला आहे नि दुसऱ्याला नाही, तर जिथे सील नाही तिथून पाणी शिरतं. ओएम-५ आणि ती १२-४५ दोन्ही सीलबंद आहेत, बॉडीला आयपी५३ हा दर्जा. म्हणजे पावसाच्या सरी आणि शिंतोडे चालतील, लाटेखाली बुडवायचा नाही. तारकर्लीला पाण्याखाली जायचं असेल तर ऑलिम्पसचा टफ टीजी-६ हा १५ मीटरपर्यंत चालणारा कॅमेरा निराळा. त्याचा सेन्सर फोनच्या जातीचा बारीक, म्हणून बाकी कामाला मी तो घेणार नाही. चालू केल्यावर जिची नळी बाहेर येते अशी खिशातल्या कॅमेऱ्याची लेन्स किनाऱ्यावर टाळा. नळी आत जाताना वाळूचे कण घेऊनच जाते, आणि दुरुस्तीला पुणे-मुंबई गाठावी लागते. फोन चांगलाच आहे, पण भर पावसात ओल्या बोटांनी स्क्रीन चालत नाही, बटणं चालतात.

मग मोठा कॅमेरा कुणी घ्यावा? ज्याला दुसऱ्याचा प्रसंग पैसे घेऊन टिपायचा आहे त्याने. डी८५० ची बॅटरी कंपनीच्या मोजणीनुसार १,८४० फोटो देते, खिशात मावणारा रिकोह जीआर ३ दोनशेच. लग्नात दोन कार्डं लागतात, एक दगावलं तर दुसऱ्यात सगळं सुखरूप. अर्थात फुजीचा एक्स-टी५ ५५७ ग्रॅमचा असून त्यातही दोन कार्डांची सोय आहे, त्यामुळे तो मुद्दाही आता पूर्वीएवढा पक्का राहिलेला नाही. आणि खरं सांगू? वरपक्षाला मोठा कॅमेरा दिसायला लागतो. लहान काढला की ‘एवढ्याशा डबीचे एवढे पैसे?’ हे नजरेतच असतं. तुम्हाला हे गिऱ्हाईक नाही, ही केवढी चैन आहे!

‘लहान म्हणजे खेळणं’ ही धास्ती जुनीच आहे. १९२५ साली लाइका बाजारात आला तेव्हा मोठमोठ्या प्लेटा वापरणाऱ्यांना तोही चिमुकलाच वाटला. त्याच्या फिल्मवरच्या चौकटीचं माप २४ बाय ३६ मिलिमीटर. आज ज्याला आपण फुल-फ्रेम म्हणून दबकून बोलतो, ते माप हेच.

पक्ष्यांचं मात्र घाईनं ठरवू नका. समुद्री गरुड आकाशात टिपायचा तर ६०० मिमीची नजर लागते. सोनीची २००-६०० ही लेन्स २,११५ ग्रॅमची. मायक्रो फोर थर्ड्सची ७५-३०० तोच ६०० मिमीचा कोन ४२३ ग्रॅममध्ये देते, पण उजेड कमी घेते, ढगाळ दिवशी रडवते आणि तिला सीलही नाही. तोवर तुमची जुनी ७०-३०० आणि तो डीएसएलआर विकू नका. कॅनन आणि निकॉननं २०२० नंतर नवा डीएसएलआर काढलेला नाही, जुन्या बॉडीचे आता काय पैसे येणार? एपीएस-सीवर ३०० मिमी म्हणजे साडेचारशेची नजर मिळते, ती घेऊन खाडीकाठचे बगळे नि खंड्या सुखानं जमतात.

तेव्हा माझ्या मते सीलबंद लहान बॉडी, एक सीलबंद झूम, एक उघडी प्राइम (झूम न होणारी लेन्स) आणि डबा-सिलिका, एवढ्यात बजेट संपवा. ओएम नको असेल तर फुजी, सोनीच्या एपीएस-सीमध्ये बघा, फक्त लेन्सचा हिशेब आधी मांडा. आणि पैसे भरण्याआधी कोल्हापूर किंवा पणजीहून दोन दिवस भाड्यानं आणा, एखादी जत्रा गाठा आणि रंगपटातल्या एलईडीखाली दोन्ही शटरांनी काढून बघा. पट्टे किती येतात ते दर बॉडीला वेगळं असतं, ते दुकानाच्या काउंटरवर कळत नाही.